रीस्टार्ट केलं की डीएनएस चालतं, मग पुन्हा रडतं: कॅशमागे लपलेला पोर्टचा दोष

लक्षणं आधी सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते लगेच कळेल. एखादी वेबसाइट पहिल्यांदा उघडताना तीन-चार सेकंद नुसती फिरत राहते, कधी ‘सर्व्हर सापडला नाही’ म्हणून हात वर करते, आणि पान पुन्हा लोड केलं की पटकन उघडते. त्याच वेळी शेजारच्या टेबलावर तीच साइट विनातक्रार चालू असते. स्वतःच्या अंतर्गत सर्व्हरांची नावं कधीच अडत नाहीत. सोमवारी सकाळी तक्रारी सर्वाधिक, दुपारपर्यंत शांतता. आणि डीएनएसचा रिझॉल्व्हर, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधून देणारा सर्व्हर, रीस्टार्ट केला की थोड्या वेळात सगळं ठीक होतं, निदान तसं वाटतं.

आमच्याकडे हे जवळजवळ तीन महिने चाललं. उपाय दर वेळी तोच, रीस्टार्ट. त्यानंतर दहा-पंधरा मिनिटं कुरकुर चालायची आणि मग गाडी रुळावर यायची. आम्ही मनाशी नोंद करून ठेवली की रीस्टार्टने बरं होतं. प्रत्यक्षात घडत होतं ते बरोबर उलटं. रीस्टार्टने रिझॉल्व्हरची कॅश (आधी मिळालेल्या उत्तरांचा साठा) पुसली जायची, त्यामुळे ती दहा-पंधरा मिनिटांची कुरकुर आम्हीच ओढवून घेत होतो. लोक काम करू लागले की नेहमीची नावं कॅशमध्ये पुन्हा जमायची आणि दोष झाकला जायचा. तो झाकला गेला की श्रेय रीस्टार्टला.

त्यामुळे तुमच्याकडेही ‘कॅश रिकामी करून बघा’ असा सल्ला फिरत असेल तर आजपुरता बाजूला ठेवा. कॅश हा इथे आरोपी नाही. आरोपीला लपवणारा पडदा तो आहे.

‘पोर्ट ५३ उघडा आहे’ हे अर्धंच उत्तर

नेटवर्क सांभाळणाऱ्या सहकाऱ्याला मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, फायरवॉल (ये-जा करणारी पॅकेटं गाळणारी यंत्रणा) डीएनएस अडवत नाही ना. तो म्हणाला, “५३ उघडा आहे, यूडीपी पण आणि टीसीपी पण. मी स्वतः तपासलंय.” (डीएनएसची पॅकेटं या दोन पद्धतींनी जातात: यूडीपी जोडणी न करता, टीसीपी आधी जोडणी करून.) तो खोटं बोलत नव्हता. पण ५३, म्हणजे डीएनएस सर्व्हर ज्यावर ऐकतो तो पोर्ट (मशीनचा क्रमांक दिलेला दरवाजा), हे संवादाच्या फक्त एका टोकाचं नाव आहे, आणि आमचा घोळ दुसऱ्या टोकाला होता.

एका नावाचा पत्ता शोधताना दोन वेगळे संवाद होतात. पहिला तुमचा संगणक आणि रिझॉल्व्हर यांच्यात. संगणक स्वतःकडचा कुठला तरी वरच्या क्रमांकाचा तात्पुरता पोर्ट उचलतो आणि तिथून रिझॉल्व्हरच्या ५३ला क्वेरी, म्हणजे प्रश्न, पाठवतो. उत्तर कॅशमध्ये असेल तर विषय तिथेच संपतो. नसेल तर दुसरा संवाद सुरू होतो: रिझॉल्व्हर आता स्वतः क्लायंट बनतो, स्वतःचा तात्पुरता पोर्ट घेतो आणि बाहेरच्या अधिकृत सर्व्हरच्या (त्या डोमेनच्या नोंदी मुळात जिथे असतात त्याच्या) ५३ला विचारतो. उत्तर परत येतं ते ५३ वरून त्या तात्पुरत्या पोर्टवर. सर्व्हर म्हणून ऐकताना रिझॉल्व्हर ५३वर असतो, विचारताना मात्र दर क्वेरीला नवा आणि यादृच्छिक पोर्ट वापरतो. फायरवॉलचा नियम लिहिताना बहुतेकांची चूक होते ती या वाक्याच्या उत्तरार्धात.

दुसरा संवाद होतोच मुळी कॅशमध्ये उत्तर नसेल तेव्हा. म्हणून तो संवाद बिघडला तर बिघाड सतत दिसत नाही. एखाद्या नावाचा टीटीएल (उत्तर कॅशमध्ये किती वेळ ठेवायचं तो काळ) ३०० सेकंदांचा असेल तर पाच मिनिटांत फक्त एकदाच, कुणातरी एकाच्या वाट्याला तो येतो. पुढच्याला ठेच लागते आणि मागच्यांना रस्ता मोकळा मिळतो. शेजारच्या टेबलावर सगळं आलबेल का दिसतं, याचं उत्तर एवढंच.

आधी घड्याळाकडे बघा

कुठलंही साधन चालवण्याआधी उशीर किती आहे हे मोजा, कारण कुठल्या संवादात गळती आहे ते त्या आकड्यावरून बऱ्यापैकी कळतं.

लिनक्सवर ग्लिबसी या मूळ लायब्ररीतला, म्हणजे तुमच्या मशीनवरचाच छोटा रिझॉल्व्हर उत्तराची ५ सेकंद वाट बघतो आणि मग पुन्हा विचारतो. त्यामुळे उशीर दर वेळी घड्याळ लावल्यासारखा ५ सेकंदांचाच येत असेल, तर पॅकेट बहुधा तुमचं मशीन आणि रिझॉल्व्हर यांच्या मध्ये हरवतंय. यात एक जुनी गंमत आहे. ग्लिबसी ए आणि क्वाड-ए (आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ पत्ता विचारणाऱ्या) या दोन्ही क्वेरी एकाच सॉकेटवरून, म्हणजे एकाच सोर्स (पाठवणाऱ्याच्या) पोर्टवरून, एकापाठोपाठ पाठवतो. काही फायरवॉल आणि नॅट (पत्ते-पोर्ट बदलून पुढे पाठवणारी) यंत्रं अशा जोडीतली एक गिळतात. रिझॉल्व्ह-कॉन्फ फाइलमध्ये सिंगल-रिक्वेस्ट-रीओपन हा पर्याय टाकून बघा. पाच सेकंद गायब झाले तर तुमचं दुखणं ते होतं, आणि पुढचं वाचायची गरज नाही.

आमचा उशीर तसा नव्हता. कधी एक सेकंद, कधी तीन, कधी सात, आणि अधूनमधून थेट सर्व्हफेल, म्हणजे ‘उत्तर मिळवता आलं नाही’ असा रिझॉल्व्हरचा निरोप. असा विस्कटलेला उशीर दिसला की समजा, क्लायंटची क्वेरी रिझॉल्व्हरपर्यंत नीट पोचतेय. अडखळतोय तो रिझॉल्व्हर, बाहेर विचारताना.

कॅशला बाजूला सारून विचारणं

ब्राउझर उघडून तपासू नका. ब्राउझरची स्वतःची कॅश असते, ऑपरेटिंग सिस्टीमची वेगळी, आणि ब्राउझर एचटीटीपीएसवरून डीएनएस करत असेल तर तो ४४३ने परस्पर भलत्याच रिझॉल्व्हरकडे जातो. डिग हे डीएनएसला थेट प्रश्न विचारणारं कमांड-लाइन साधन वापरा. डिग आणि एनएसलुकअप सिस्टीमच्या कॅशला वळसा घालून नेमलेल्या सर्व्हरला थेट विचारतात. (म्हणूनच ‘डिगमध्ये दिसतंय पण प्रोग्रामला सापडत नाही’ हा प्रकार घडू शकतो. तिथे गेटएन्ट कमांडने तपासा, तो प्रोग्रामच्याच वाटेने जातो.)

तेच नाव डिगने लागोपाठ दोनदा विचारा. दुसऱ्या उत्तराला शून्य-एक मिलिसेकंद लागला आणि टीटीएलचा आकडा पहिल्यापेक्षा कमी झाला, तर ते कॅशमधलं उत्तर. आता नोरिकर्स पर्याय लावून विचारा. त्याचा अर्थ रिझॉल्व्हरला इतकाच कळतो की तुझ्याजवळ असेल ते दे, बाहेर जाऊ नकोस. कुठलं नाव कॅशमध्ये आहे आणि कुठलं नाही, हे काही न बिघडवता असं पाहता येतं. मी एक छोटी स्क्रिप्ट लावली: एका ठरावीक नावाचा टीटीएल संपायची वाट बघायची आणि संपल्याच्या पुढच्याच सेकंदाला तेच नाव विचारायचं. ज्या तक्रारीला आम्ही ‘अधूनमधून’ म्हणत होतो ती टीटीएलच्या तालावर येत होती. दर वेळी नाही, पण यायची तेव्हा नेमकी त्याच ठोक्यावर.

ज्या साइटच्या नावामागे दोन-तीन सीनेमची (‘हे नाव म्हणजे ते दुसरं नाव’ असं सांगणाऱ्या नोंदींची) साखळी असते त्या जास्त का अडखळतात, हेही इथेच उमगलं. साखळीतल्या प्रत्येक नावासाठी वेगळं विचारावं लागतं, बऱ्याचदा वेगळ्याच डोमेनच्या सर्व्हरला, आणि शेवटच्या कडीचा टीटीएल अनेकदा एखाद्या मिनिटाचाच असतो.

पॅकेट पकडा आणि सोर्स पोर्टने लावा

आता रिझॉल्व्हरच्या मशीनवर येणारी-जाणारी पॅकेटं टिपणारं टीसीपीडंप चालवा, पोर्ट ५३ची गाळणी लावून. एन पर्याय विसरू नका. नाहीतर टीसीपीडंप प्रत्येक पत्त्याचं नाव शोधायला स्वतःच उलट क्वेरी पाठवत बसतो आणि कॅप्चर गढूळ होतो. पंधरा मिनिटं पुरेत, पण ती गर्दीची घ्या.

कॅप्चर वायरशार्कमध्ये, म्हणजे पॅकेटं तक्त्यात दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, उघडा आणि फक्त बाहेर गेलेल्या, पण उत्तर न आलेल्या क्वेरी वेगळ्या काढा. बहुतेक जण इथे त्या नावानुसार किंवा पलीकडच्या सर्व्हरनुसार लावतात. मीही तेच केलं आणि दोन दिवस घालवले. कुठलंही नाव, कुठलाही सर्व्हर, काही सूत्र दिसेना. मग कंटाळून सोर्स पोर्टच्या स्तंभावर क्लिक केलं.

उत्तर न आलेल्या क्वेरींचे सोर्स पोर्ट ३२७६८च्या पुढे सुरू होऊन ४९ हजारांच्या आसपास संपत होते. उत्तर आलेल्यांचे तिथून पुढे सुरू होत होते. मध्ये रेघ मारल्यासारखी सीमा.

खात्री करायला डिगचा बी पर्याय कामाचा आहे. त्यात आपला पत्ता, मग हॅशचं चिन्ह आणि सोर्स पोर्ट देता येतो. रिझॉल्व्हरच्याच मशीनवरून, बाहेरच्या एखाद्या अधिकृत सर्व्हरला थेट विचारलं. पोर्ट ४०००० वरून दहा क्वेरी, दहाही बुडाल्या. ५५००० वरून दहा, दहाही परत. मग सीमा शोधली. ४९१५१ वरून शांतता. ४९१५२ वरून उत्तर.

४९१५२ हा आकडा ओळखीचा आहे. इंटरनेटचे क्रमांक वाटणाऱ्या आयएएना संस्थेने तात्पुरत्या पोर्टांसाठी राखलेली श्रेणी ४९१५२ ते ६५५३५ अशी आहे, आणि विंडोजही व्हिस्टा आणि सर्व्हर २००८ पासून तीच वापरतं. आमचा आधीचा रिझॉल्व्हर विंडोजवर होता. त्याच्यासाठी फायरवॉलवर कुणीतरी नियम लिहिला होता: बाहेरच्या ५३ वरून येणारं उत्तर ४९१५२ किंवा त्यावरच्या पोर्टवर असेल तर आत सोडा. मग रिझॉल्व्हर लिनक्सवर गेला. लिनक्सची मुळातली श्रेणी ३२७६८ ते ६०९९९. बाइंड ९ हे रिझॉल्व्हर सॉफ्टवेअर तिथे सिस्टीमचीच श्रेणी घेतं. नियम मात्र कुणी हलवला नाही.

गणित मांडलं तर मजा आहे. लिनक्सच्या श्रेणीत २८,२३२ पोर्ट आहेत. त्यातले ४९१५२च्या खालचे १६,३८४, म्हणजे ५८ टक्के. शंभर क्वेरी बाहेर गेल्या तर सरासरी ५८ची उत्तरं दारातच फेकली जात होती! तरी सगळं ठप्प झालं नाही, कारण रिझॉल्व्हर पुन्हा विचारताना नवा पोर्ट घेतो. दोनदा बुडण्याची शक्यता ३४ टक्के, तीनदा बुडण्याची साधारण २०. त्यामुळे बहुतेक नावं उशिरा का होईना, पण मिळायची, आणि मिळाली की कॅशमध्ये बसायची. तीन कड्यांची साखळी असेल तर सगळ्या कड्या पहिल्याच प्रयत्नात मिळण्याची शक्यता शंभरात जेमतेम सात. निम्म्याहून जास्त उत्तरं हरवत असताना एखादी यंत्रणा ‘थोडी हळू आहे’ एवढ्यावर निभावून नेते, याचं मला अजूनही कौतुक वाटतं. रागही येतो.

तुमच्याकडे अनबाउंड हे दुसरं रिझॉल्व्हर सॉफ्टवेअर असेल तर आकडे आणखी वाईट येतील. ते १०२४च्या वरचे जवळजवळ सगळे पोर्ट वापरतं, म्हणजे अशा नियमातून चारातलं एकच उत्तर आत येईल.

नियम मूर्खपणाचा नव्हता

पहिला प्रश्न मलाही हाच पडला: फायरवॉल स्टेटफुल असताना परतीच्या उत्तरांसाठी वेगळा नियम लागतोच कशाला? बाहेर गेलेली क्वेरी त्याला आठवते, उत्तर आपोआप आत यायला हवं.

लागतो, कारण रिझॉल्व्हर हे त्या आठवणीच्या तक्त्याचं सगळ्यात खादाड गिऱ्हाईक आहे. दर क्वेरीला नवा सोर्स पोर्ट, म्हणजे तक्त्यात नवी ओळ. लिनक्सच्या कॉनट्रॅक या तक्त्यात अशी यूडीपीची ओळ ३० सेकंद राहते. सेकंदाला हजार क्वेरी जात असतील तर फक्त डीएनएसच्या तीस हजार ओळी कायम अडकलेल्या. तक्ता भरला की नव्या जोडण्या नाकारल्या जातात, मग त्या डीएनएसच्या असोत वा कशाच्याही. त्यातून सुटायला कुणीतरी डीएनएसला तक्त्यातून वगळून साधा, स्मरण नसलेला नियम लिहिला होता. त्या दिवशी तो बरोबरच होता. चुकलं एवढंच की श्रेणी कुठून आली आणि कुठल्या मशीनसाठी, हे नियमाच्या शेऱ्यात लिहिलं नव्हतं.

दुरुस्ती

तक्त्याला ताण झेपत असेल तर डीएनएस पुन्हा स्टेटफुल करा आणि तक्त्याची भरलेली टक्केवारी आठवडाभर बघत राहा. झेपत नसेल तर साधा नियम ठेवा, पण श्रेणी १०२४ ते ६५५३५ करा. असं करताना दार किती उघडतंय ते लक्षात घ्या: जगातलं कुणीही स्वतःचा सोर्स पोर्ट ५३ ठेवून त्या मशीनच्या वरच्या पोर्टांना यूडीपी पाठवू शकतं. म्हणून नियम फक्त रिझॉल्व्हरच्या पत्त्यापुरता ठेवा आणि त्या मशीनवर वरच्या यूडीपी पोर्टांवर दुसरं काही ऐकत नाही ना, ते एसएस ही उघडे पोर्ट दाखवणारी कमांड चालवून बघा. टीसीपीसाठी मात्र फक्त आधीच सुरू झालेल्या जोडणीची पॅकेटं आत सोडा, नवी जोडणी बाहेरून नको.

फायरवॉल दुसऱ्याच्या ताब्यात असेल आणि बदलाला दिवस लागणार असतील, तर तोवर रिझॉल्व्हरची श्रेणी ४९१५२ ते ६५५३५ अशी आवळता येते. १६,३८४ पोर्ट उरतात, तात्पुरतं चालेल.

एक उपाय मात्र कुणी सुचवला तर करू नका: रिझॉल्व्हरचा सोर्स पोर्टही ५३वर खिळवून टाकणं. याने अडचण चुटकीसरशी सुटते, म्हणूनच तो मोह धोक्याचा. डीएनएस क्वेरीचा ओळख क्रमांक १६ बिटांचा, म्हणजे ६५,५३६ शक्यता. पोर्ट ठरलेला असेल तर खोटं उत्तर घुसवणाऱ्याला फक्त एवढाच अंदाज बांधायचा असतो. सुरक्षा संशोधक डॅन कामिन्स्कीने हा कॅश विषारी करण्याचा मार्ग किती सोपा आहे ते दाखवलं आणि जुलै २००८ मध्ये बहुतेक सगळ्या डीएनएस सॉफ्टवेअरांना एकाच वेळी दुरुस्त्या काढाव्या लागल्या, त्या मुख्यतः सोर्स पोर्ट यादृच्छिक करण्याच्याच होत्या. लिनक्सच्या श्रेणीत दोन्ही मिळून साधारण १८५ कोटी जोड्या होतात. त्या सोडून पुन्हा ६५ हजारांवर येण्यात शहाणपण नाही. आणि हो, रिझॉल्व्हर नॅटमागे असेल तर नॅट तेच पोर्ट बदलून ओळीने क्रमवार करत नाही ना, तेही पलीकडच्या बाजूने कॅप्चर घेऊन बघा.

टीटीएल संपल्यावरही शिळं उत्तर देत राहण्याची सोय, आरएफसी ८७६७ या मानकातली, चांगली आहे. पण दोष सापडेपर्यंत ती चालू करू नका. पडदा आणखी जाड होईल.

सोर्स पोर्टमध्ये सूत्र दिसलं नाही तर

उत्तर न आलेल्या क्वेरी पोर्टने लावूनही विखुरलेल्याच दिसल्या, तर आकारानुसार लावा. मूळ नियमात यूडीपी उत्तराची मर्यादा ५१२ बाइट होती. ईडीएनएस या विस्तारामुळे ती वाढली, पण मोठं यूडीपी उत्तर वाटेत तुकड्यांत फुटतं आणि काही फायरवॉल तुकडे टाकून देतात. शिवाय उत्तर मावलं नाही तर सर्व्हर कापलेलं उत्तर टीसी बिट लावून पाठवतो आणि रिझॉल्व्हरने तेच टीसीपी ५३वर पुन्हा विचारायचं असतं. टीसीपी ५३ बंद असेल तर काही ठरावीक डोमेनच अडतात, विशेषतः डीएनएसएसईसीवाली (उत्तरांवर डिजिटल सह्या असलेली) किंवा लांबलचक टीएक्सटी नोंदींची. डिगला टीसीपी पर्याय देऊन तपासा आणि ईडीएनएसचा आकार १२३२वर आणा. तो आकडा आयपीव्ही६च्या किमान १२८० बाइटांतून ४० आणि ८ बाइटांची शीर्षकं वजा करून आलेला आहे.

आणि रिझॉल्व्हर स्वच्छ निघाला, तरी एखादा प्रोग्राम जुन्याच पत्त्याला चिकटून बसला असेल, तर तो वेगळा रोग. एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या साध्या कॉन्फिगरेशनमध्ये लिहिलेलं नाव सुरुवातीला एकदाच सोडवलं जातं. जावा स्वतःची कॅश ठेवतं. नवी नोंद टाकण्याआधीच कुणी ती विचारली असेल, तर ‘असं नाव नाही’ हे उत्तरही कॅशमध्ये बसतं, किती वेळ ते झोनच्या (डोमेनच्या नोंदसंचाच्या) एसओए नोंदीतल्या शेवटच्या आकड्यावर ठरतं. तिथे पोर्ट शोधत बसू नका.

झालं की नाही, हे कसं ओळखायचं

नियम बदलल्यावर डिगने ४०००० वरून पुन्हा दहा क्वेरी पाठवल्या, दहाही परत आल्या. पण मला त्यावर भरवसा नव्हता, तीन महिने ‘झालं ठीक’ म्हणून फसलो होतो. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला, ऐन गर्दीत, कुणाला न सांगता कॅश पूर्ण रिकामी केली. टीसीपीडंप चालू ठेवला आणि फोनकडे बघत बसलो. अर्ध्या तासात एकही फोन आला नाही. कॅप्चरमध्ये उत्तर न आलेल्या क्वेरी होत्या, पण त्या सगळ्या कुठल्याशा बंद पडलेल्या एकाच सर्व्हरच्या होत्या आणि त्यांचे सोर्स पोर्ट श्रेणीभर पसरलेले होते.